तळाला जाणारी वडी

सासूबाई काचेवरून पडल्या तेव्हा मल्लय्या बशीतल्या चहावर फुंकर मारत होता. आवाज तो केवढा, परातीत ज्वारीचा दाणा पडावा एवढा. आणि गल्ली सोलापूरच्या पूर्वभागातली, जिथं दोन्ही अंगांच्या घरांतून यंत्रमाग सकाळपासून असे खडखडत की माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलणं समजून घेत आणि तान्ही पोरं माग बंद पडले की दचकून जागी होत. तरी त्याला तो आवाज ऐकू आला. त्याचा कानच तसला. मिलमध्ये असताना ताण्यातला एक धागा तुटला तरी तो जेवणाच्या सुट्टीत डब्यावरून मान वर करी, अशी त्याची ख्याती होती. ती त्यानं स्वतःच पसरवलेली असली म्हणून काय झालं, खोटी कुणी पाडली नव्हती. बशी खाली ठेवून तो काचेच्या पेटीपाशी गेला. सासूबाई म्हणजे पेटीतली सगळ्यांत मोठी गोगलगाय, लिंबाएवढी, तपकिरी, पाठीवर पट्टे असलेली. पेटीतल्या गोगलगायींना कमलम्मानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, आपल्या सासरच्या माणसांची नावं दिली होती. सासूबाई, थोरली जाऊ, धाकटी जाऊ, सारखी दुसऱ्याच्या पाठीवर चढून बसणारी ती नणंद. सासूबाई आता वाळूत उताण्या पडल्या होत्या, आपलं झाकण आत ओढून, दार लावून घेतलेल्या घरासारख्या. आणि तो बघतो आहे तोवरच कोपऱ्यातली थोरली जाऊ काचेवरून सुटली, पाण्यातून तिरकी तिरकी खाली आली आणि सासूबाईंच्या शेजारी जाऊन टेकली.

वर गच्चीवर कमलम्माची पावलं वाजत होती. ती वड्या उलटत होती. तिच्या पावलांवरून ती ओळीच्या कुठल्या टोकाला आहे हे त्याला खालून सांगता आलं असतं, आणि नेमकं तेच त्याला नको झालं होतं. गोगलगाय काचेवरून पडत नाही. हे त्याला कमलम्मानंच सांगितलेलं. ती उतरते, सरकते, मनात आलं तर स्वतःहून सोडून देते, पण अशी पडत नाही. चहावर साय धरली. तळाशी दोन मिशीवाले मासे असत, वाळू हुंगत फिरणारे, साऱ्या पेटीचं उष्टं-खरकटं काढणारे. ते आज वर येऊन पाण्याच्या कडेला तोंडं उघडत होते. तळाच्या माशानं वर यावं म्हणजे खाणीतल्या माणसानं झाडावर चढून बसावं. त्यानं काचेला बोट लावलं. काच गार होती.

ही पेटी त्यानंच आणलेली. मिलमधल्या साहेबाची अहमदाबादला बदली झाली, सामान ट्रकमध्ये चढलं, पेटी काही चढेना, तेव्हा साहेब म्हणाला, "मल्लय्या, तुला हवी का?" आणि मल्लय्याच्या तोंडून नाही हा शब्द साहेबापुढे आयुष्यात कधी निघाला नव्हता, तो त्या दिवशी कुठून निघणार. कमलम्मानं दारातच कपाळाला हात लावला होता. दुष्काळ सरून तीन-चार वर्षं झाली होती, पण तिच्या कमरेवरच्या घागरीची सवय सरली नव्हती. "माणसाला प्यायला नळ दिवसाआड येतोय, आणि माशांना आंघोळीला घर आणलंत व्हय?" ती म्हणाली. घरात दोघं तेलुगूत बोलत; भांडण मात्र मराठीत करत, कारण भांडण गल्लीला कळलं नाही तर त्याचा उपयोग काय. साहेबाचे लाल मासे महिन्याभरात एकेक करून गेले. राहिल्या त्या पाणवनस्पतीबरोबर चोरून आलेल्या गोगलगायी आणि ते दोन मिशीवाले. आणि एका दुपारी तो मिलमधून आला तर कमलम्मा पेटीपुढे बसलेली, हातातली भाजी तशीच हातात. एक गोगलगाय काचेवरून वर चढत होती आणि तिचं इवलं तोंड काचेवर उघडत-मिटत होतं, जणू काच चाटून पुसून लख्ख करायचं काम कुणी तिला लावून दिलंय. "दिवसभर खालमुंडी घालून काम," कमलम्मा म्हणाली, "आणि घर पाठीवर." एवढंच. मग तिनं हातातल्या पालकाचं एक पान पाण्यात टाकलं. ते पान तरंगत राहिलं. गोगलगायी खाली, पान वर. ती बघत राहिली. त्या वेळी तिच्या कपाळावर जी बारीक आठी आली ती मल्लय्याला आजही दिसत होती. असली आठी त्यानं फक्त चांगल्या कारागिराच्या कपाळावर बघितली होती.

त्या आठीतून वडी निघाली. पालक नुसता वाफेवर, रंग जायच्या आत उतरवायचा. लाल भोपळ्याची एक फाक, गाजर, दोन्ही पाट्यावर गंधासारखं वाटायचं. अंड्याची टरफलं धुऊन, आतला पापुद्रा काढून, तव्यावर भाजून त्यांचं पीठ, कारण त्याशिवाय गोगलगायींच्या पाठीवर पांढरे खड्डे पडत. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिनं खड्डे बघितले आणि कोंबडी आठवली, एवढंच. मिशीवाल्यांसाठी सुकट भाजून, चुरून. आणि हे सगळं एकत्र धरून ठेवायला वाण्याकडचं चायना ग्रास, ज्याचे लोक ईदेला आणि लग्नाला गोड थर लावतात, ते पाण्यात विरघळवून. सगळं मंद आचेवर एकत्र ढवळायचं, ताटात ओतायचं, थापायचं, चौकोनी कापायचं आणि सांडग्यांसारखं गच्चीवर जुन्या चादरीवर वाळवायचं. सोलापूरचं ऊन असं की गच्चीवर पापड घालायला गेलेली बाई जिना उतरेपर्यंत पापड भाजून निघतो. हे मल्लय्याचं म्हणणं, पण वड्या खरंच दोन उन्हांत खडखडीत होत. आणि मग परीक्षा. वाटीभर पाण्यात एक वडी टाकायची. तरंगली तर सगळा घाणा नापास. कमलम्मानं तरंगणारे घाणे शेजारच्या कोंबड्यांना घातले आहेत, असे कितीतरी. त्या कोंबड्यांची अंडी इतकी दणकट निघत की फोडायला खलबत्ता लागे. पण हट्ट सोडला नाही. वडी तळाला गेली पाहिजे. जे तळाला बसलेत त्यांच्यापर्यंत आपण होऊन गेली पाहिजे, त्यांनी तिच्यासाठी वर यायचं नाही.

ती वडी पहिल्यांदा तळाला गेली तेव्हा मल्लय्याला आपल्या साऱ्या नोकरीत वाटला नव्हता असा अभिमान वाटला होता, आणि त्यानं तो अर्थातच बोलून दाखवला नव्हता. बायकोला काय सांगायचं असतं? तो मिलच्या खळखात्यातला माणूस. विणायच्या आधी ताण्याच्या सुताला खळ पाजावी लागते, नाहीतर मागावर सूत तुटून तुटून विणकर रडतो; ती खळ तो शिजवायचा. भल्या मोठ्या टाक्या, वाफ, पिठाचा आंबूस वास, आणि मध्ये मल्लय्या उघड्या अंगानं लाकडी दांडा घेऊन उभा. लोक त्याला खळमास्तर म्हणत. खळीचा थेंब अंगठ्याच्या आणि बोटाच्या मध्ये धरून तो बोटं हळू उघडायचा, आणि मध्ये जी तार निघायची तिच्यावरून कुठल्या सुताला किती पाजायची ते सांगायचा. घरी कमलम्मा वाढायची, तो जेवायचा. "कसं झालंय?" ती विचारायची, लग्नानंतरची पहिली काही वर्षं. "बरं हाय," तो म्हणायचा. पुढं तिनं विचारणं सोडलं. स्वयंपाकघर आधी त्याच्या आईचं होतं, आईच्या पाठोपाठ वहिनीचं, आणि कमलम्माच्या ताब्यात आलं तोवर तिच्या हातचं काय चांगलं आणि काय नाही हे कुणी ठरवायचं राहूनच गेलं होतं. मग ही वडी आली. आणि गल्लीत, मग पलीकडच्या पेठेत, जिथं जिथं काचेची पेटी होती तिथून लोक डबे घेऊन यायला लागले. ज्यांना घरी पोरं विचारत नव्हती असे म्हातारे पेटी बाळगत, आणि गोगलगायींच्या तब्येतीविषयी कमलम्माशी असं बोलत जसं सुनेच्या बाळंतपणाविषयी बोलतात.

नोकरी संपली तेव्हा त्याला कळलं की आपले हात अजून ढवळताहेत. झोपेत, पारावर बसल्यावर, देवळात. एके दिवशी कमलम्मा पातेल्यावर वाकलेली असताना तो उंबऱ्यात उभा राहिला आणि न राहवून म्हणाला, "जोरात नको. हवा शिरंल. हवा शिरली की हलकं होतंय." तिनं वळून बघितलं. मधूनच तरंगणाऱ्या घाण्यांचं कोडं तिला सुटत नव्हतं, ते त्या एका वाक्यात सुटलं. तिनं फक्त पळी त्याच्या हातात दिली. लग्नानंतर एवढ्या वर्षांनी बायकोनं त्याला तिच्या चुलीपाशी जागा दिली, आणि मल्लय्याला, ज्यानं मिलच्या टाक्या ढवळल्या होत्या, त्या तांब्याभर लगद्यापुढे पहिल्या दिवशीच्या उमेदवारासारखा घाम फुटला होता. एकाच दिशेनं, सावकाश, तळ खरवडत, बुडबुडा येऊ न देता. ती बाजूला भोपळा वाटत असे. वाटताना तिच्या ओठांची एक बाजू आत जाई. दोघं बोलत नसत. त्याच्या सबंध आयुष्यातले हेच दिवस सुखाचे आहेत असं त्याला कधी कधी अचानक वाटे, आणि त्या विचारानं तो इतका घाबरे की ढवळण्याची दिशा चुके. "दिशा," ती म्हणे, मान वर न करता.

थोरल्या जावेमागून धाकटी सुटली. मल्लय्यानं डोळे मिटले. गेल्या पंधरवड्यात ढग आले होते. पडायचे नाहीत, जायचे नाहीत, नुसते छतावर हात टेकून उभे. वड्या वाळल्या नाहीत. त्यांच्यावर आधी पांढरी, मग हिरवी लव आली, म्हाताऱ्याच्या गालावरच्या खुंटांसारखी. कमलम्मानं सबंध घाणा उचलला आणि बंबाखाली घातला. मग ती रिकामं ताट मांडीवर घेऊन बसली आणि बोटानं त्याच्या कडेवरून फिरत राहिली. ओरडली असती, देवाला बोल लावला असता, तर त्याला चाललं असतं. ती नुसती बसली. आणि मल्लय्याला वाटलं, हे आपल्याला येतं. बुरशी. बुरशीशी आपण जन्मभर भांडलो. खळ आंबू नये, कापडाला बुरशी लागू नये म्हणून मिलमध्ये काय घालत? मोरचूद. निळं, नितळ, मोराच्या मानेसारखं. त्याचा एक खडा आठवण म्हणून त्यानं घरी आणून कोनाड्यात ठेवलेला होता, नुसता बघायला. पुढच्या घाण्याला, कमलम्मा दारावर भाजीवालीशी घासाघीस करत असताना, त्यानं त्या खड्याची चिमूटभर पूड पातेल्यात सोडली आणि सावकाश, एकाच दिशेनं, बुडबुडा येऊ न देता ढवळली. सांगितलं का नाही? सांगायचंच होतं. वड्या ढगातसुद्धा टिकल्या की मग सांगायचं होतं. ती चकित झाली की मग. तिचं ते चकित झालेलं तोंड त्यानं मनात आधीच रंगवून ठेवलं होतं.

वड्या टिकल्या. लव आली नाही. काल तिन्हीसांजेला त्यातल्या दोन पेटीत पडल्या, सरळ तळाला गेल्या.

तरी त्याला अजून कळलेलं नव्हतं, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. पाण्याचा दोष असेल. नळाच्या पाण्यात हल्ली औषध फार मारतात. की सुकट खारट? आणि मग, मासे तोंड उघडत होते त्या पाण्याच्या कडेकडे बघता बघता, त्याला खळखात्यामागचा नाला दिसायला लागला. तो नाला त्याचा अभिमान होता. सोलापुरातल्या सगळ्या नाल्यांत डास, बेडूक, शेवाळ, काय काय; त्याच्या नाल्यात काही नाही. टाक्या धुतलेलं पाणी त्यातून जायचं आणि नाला आरशासारखा. पाहुण्यांना तो मुद्दाम दाखवायचा. "बघा," म्हणायचा, "एक किडं न्हाय." एकदा त्यानं पाहिलं होतं, वरच्या ओढ्यातून गोगलगायींची एक रांग ओल्या दगडांवरून उतरत आली, त्याच्या नाल्याच्या तोंडाशी थांबली, शिंगं आत-बाहेर केली आणि वळून परत गेली. सगळी रांग. तेव्हा तो हसला होता. चहाच्या टपरीवर त्यानं ती गोष्ट सांगितली, गोगलगायींनी नमस्कार केला अशी वाढवून, आणि टपरी खो खो हसली होती. इतक्या वर्षांनी आज तो त्या नाल्याच्या काठावर उभा होता आणि पाणी नितळ होतं, फार नितळ होतं. किडा नसणं ही स्वच्छता नव्हती. ते मोरचूद होतं.

"कमलम्मा! अगं ए कमलम्मा! हायस का गं?" दारातून चंद्रव्वा आत आली आणि खोली भरली. चंद्रव्वा पलीकडच्या पेठेतल्या कापडदुकानदार शिवप्पाची बायको, कानडी, अंगानं भरभक्कम, हातात पितळी डबा. दुकानात गिऱ्हाइकांची पोरं गप्प बसावीत म्हणून शिवप्पानं काचेची मोठी पेटी ठेवली होती. ती लिंगायत, घरात अंडं-सुकटीचं नाव नाही. म्हणून तिच्यासाठी कमलम्मा वेगळा वाटा काढी, टरफलांऐवजी नाचणी आणि भाजलेले तीळ, सुकटीऐवजी हरभऱ्याची डाळ. पातेलं मात्र वाटा निघेपर्यंत एकच असे, आणि चिमूट पडली ती वाटा निघायच्या आधी. चंद्रव्वा माशांना सोमवारी उपासही घडवी. त्यामुळे तिचे मासे इतके सात्त्विक झाले होते की दुकानात आरतीची घंटा वाजली की रांगेत उभे राहत, असं ती सांगे, आणि मल्लय्यासारख्या माणसालासुद्धा त्यात भर घालायला काही सुचत नसे.

"आले गं," वरून कमलम्मा म्हणाली आणि वड्यांनी भरलेलं सूप घेऊन जिना उतरली. "वाळल्या बघ. ढगात वाळल्या. हात लाव."

"देवाच्यान् की!" चंद्रव्वानं वडी उचलून उजेडात धरली. "आमचे उपाशी हायत कालपासनं. शिवप्पा म्हनतोय, कमलम्माची वडी न्हाई तर दुकान उघडनार न्हाई. मला इतक्या वर्सांत असं बोलला न्हाई कधी तो मानूस." तिनं डब्याचं झाकण काढलं.

मल्लय्या पेटीपुढे उभा राहिला. आपल्या पाठीनं त्यानं पेटी झाकली होती हे त्याला नंतर कळलं. आता गप्प बसलं तर? तिचेही मासे मरतील. पाण्याचा दोष म्हणता येईल. शिवप्पा म्हणेल, हवा वाईट आहे. आणि चुलीजवळची जागा राहील, भोपळा वाटताना आत जाणारा तो ओठ राहील, "दिशा" म्हणणं राहील. कमलम्मानं पहिली मूठ उचलली.

"ओल्या हायत अजून," तो म्हणाला. मागांच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलावं लागत होतं. "उद्या द्या."

कमलम्मानं त्याच्याकडे बघितलं, एक वडी घेतली आणि मोडली. कट्. "ह्ये ओलं?"

"न्हाय म्हंजे... पालक जून होता."

"पालक मी निवडलाय. देठ नखानं मोडत होता."

"मग भोपळा. भोपळ्याला जरा..." त्याला सुचेना. ज्यानं उभ्या सोलापूरला गोष्टी सांगितल्या त्या माणसाला एक साधा भोपळा नासवता येईना. आणि तेवढ्यात चंद्रव्वाचा डबा धरलेला हात मागे सरलेला त्यानं पाहिला.

"मग ऱ्हाऊ दे बाई," चंद्रव्वा म्हणाली, डोळे दुसरीकडे करून, फार गोड आवाजात. "घाई काय हाय. दुकानात दहा मानसं येत्यात, मासं बिघडलं तर बरं न्हाई दिसत. मी बघते, त्या बाजारात डब्यातलं मिळतंय म्हनं."

कमलम्माचा चेहरा तसाच होता. फक्त सुपावरची बोटं घट्ट झाली आणि मग सैल पडली, आणि सूप जरासं कललं. मल्लय्यानं ते बघितलं. त्याची एकेक थाप त्याच्या अंगावर येतच नव्हती, ती सरळ तिच्या हातावर जाऊन पडत होती. तिच्या पालकावर, तिच्या भोपळ्यावर, देठ मोडणाऱ्या नखावर. ज्या एका गोष्टीला लोकांनी चांगलं म्हटलं होतं ती तो, तिचा नवरा, त्या लोकांच्या देखत नासकी ठरवत होता.

"वडीत खोट न्हाय!" तो ओरडला. मागांवरून ऐकू जावं म्हणून छातीच्या तळापासून ओरडला. "वडी सोन्यासारखी हाय! तिच्यात विष मी घातलं!"

आणि नेमकी 'वडी सोन्यासारखी' म्हणता म्हणता वीज गेली. गल्लीतले सगळे माग एकदम थांबले. असली शांतता पडली की दूरच्या पेठेतला न्हावी वस्तरा पुसताना ऐकू यावा. आणि त्या शांततेत "विष मी घातलं" हे शब्द भिंतींवर आपटत कोपऱ्यापर्यंत गेले. समोरच्या खिडकीतून रंभाबाईचं डोकं बाहेर आलं. "कुनाला घातलं रं, मल्लय्या?"

"सासूबाईला!" कमलम्मा म्हणाली. तिनं त्याच्या पाठीआडून पेटी बघितली होती.

रंभाबाईला मल्लय्याची आई जाऊन किती वर्षं झाली ते ठाऊक होतं. तिनं तोंडाला पदर लावला आणि खिडकी लावून घेतली.

कमलम्मानं सूप खाली ठेवलं. "काय घातलं?"

"मोरचूद."

"किती?"

"चिमूट. बुरशी येऊ न्हाय म्हनून. मिलमदी घालायचो."

"आगं बाई गं," चंद्रव्वाला आता हसू आवरेना, "मिलमदी कापडाला घालत्यात ते. हितं काय गोगलगाईचं धोतर विनायचं होतं व्हय?"

तो वाट बघत होता. पण कमलम्मानं त्याच्यावर आवाज चढवला नाही. तिला वेळच नव्हता. पुढं जे झालं ते तो नंतर गल्लीत सांगे, आणि आश्चर्य म्हणजे त्यात काही वाढवत नसे. तिनं आधी कालच्या दोन वड्यांचा उरलेला लगदा वाळूतून पळीनं अलगद उचलला, तळ न ढवळता. मग हंड्याकडे गेली, हात घातला आणि थांबली. हंडा तांब्याचा होता, आतून निळसर कळकलेला. मोरचूद ते तांब्याचंच पोर, हे मल्लय्या सांगणार एवढ्यात तीच पुटपुटली, "निळं ते निळंच," आणि वळली, आणि प्यायच्या पाण्याचा मातीचा माठ उचलून सबंध परातीत ओतला. नळ उद्या येणार होता. मग एकेक गोगलगाय तिनं तळहातावर घेतली, झाकणावर अंगठा ठेवून, जसं तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात, आणि परातीत सोडली. मासे पदरात धरले. चंद्रव्वा हसायची थांबली होती, तिनं आपण होऊन पदर खोचला आणि म्हणाली, "आमच्या घरी रांजन भरलेला हाय. आनते," आणि एवढी भरभक्कम बाई गल्लीतून पळत गेली. वड्यांचं सूप कमलम्मानं बंबात रिकामं केलं. ज्वाळा हिरवट आली. मल्लय्यानं ती बघितली. सुंदर होती ती, फार सुंदर, आणि हे त्याला त्या वेळीसुद्धा वाटल्यावाचून राहिलं नाही.

दुपार परातीभोवती सरली. मासे आधी खाली गेले. एकानं मिशी हलवली, मग दुसऱ्यानं परातीचं बूड हुंगायला सुरुवात केली, काही झालंच नाही अशा थाटात. नणंदेनं शिंग बाहेर काढलं. "तिला काय होतंय," कमलम्मा म्हणाली. धाकटी जाऊ खूप वेळानं हलली. थोरली आणि सासूबाई हलल्या नाहीत. कमलम्मानं सासूबाईंना उचलून नाकाशी नेलं, आणि तिच्या चेहऱ्यावरून मल्लय्याला कळलं. "खऱ्या सासूनं मला आयुष्यभर छळलं," ती म्हणाली, "तरी तिला मी गरम गरम वाढलं." दोघींना तिनं तुळशीच्या बुडाशी पुरलं. मल्लय्या उंबऱ्याबाहेर बसून राहिला. आत यावं की नाही हे त्याला कळत नव्हतं. हात कुठं ठेवायचे तेही, आयुष्यात पहिल्यांदाच, कळत नव्हतं. आतून पाट्याचा आवाज यायला लागला. ती नवा घाणा लावत होती. चंद्रव्वाचे मासे उपाशी होते. पातेल्याखाली काटक्या तडतडल्या. पळी फिरल्याचा आवाज आला, आणि तो कान देऊन ऐकत राहिला. तिला एका हातानं वाटून दुसऱ्यानं ढवळायला जमत नव्हतं. पळी थांबे, पुन्हा फिरे. तो उठला नाही. उठायचा हक्क आपण सकाळी घालवला हे त्याला पक्कं माहीत होतं.

"आत या," कमलम्मा म्हणाली.

तो आत गेला. चंद्रव्वा भिंतीशी बसली होती, रिकामी घागर बाजूला. कमलम्मानं पातेल्यातला हिरवा गोळा बोटावर घेतला, फुंकला आणि त्याच्यापुढे धरला. "तोंड उघडा. हितनं पुढं पैला घास तुमचा. मग त्यांचा."

"आगं, नवऱ्याला माशाचं?" चंद्रव्वा म्हणाली.

"व्हय. काय घातलंय ते त्याच्या पोटाला तरी कळू दे."

त्यानं तोंड उघडलं. गोळा जिभेवर आला. गरम, मऊ, भाजक्या तिळाचा वास, मागून भोपळ्याची गोडी, नाचणीची मातकट चव. मीठ नव्हतं, तिखट नव्हतं, आणि तरी ते अन्न होतं, कुणीतरी कुणाच्यातरी तोंडाचा विचार करून शिजवलेलं. एवढ्या वर्षांत तिच्या हातचं असं थांबून त्यानं खाल्लं नव्हतं. त्याला एकदम भरून आलं. काय काय सांगावंसं वाटलं. तुझ्यासारखी बाई सात पेठांत नाही. तुझ्या हातात जे आहे ते माझ्या साऱ्या टाक्यांत नव्हतं. सोन्यासारखं. अमृतासारखं. असले शब्द त्याच्याकडे पोत्यानं होते, आणि आज ते सगळे त्याच्या जिभेवर उभे होते, ओळीनं.

"कसं झालंय?" कमलम्मानं विचारलं.

त्यानं घास टाळूला लावून हळूच दाबला, जसा तो खळीचा थेंब बोटांत दाबायचा. गिळला. वेळ घेतला.

"पालक जरा जास्त शिजलाय," तो म्हणाला. "रंग हाय, पन कस गेलाय."

चंद्रव्वानं श्वास आत ओढला. वीज अजून आलेली नव्हती; गल्लीत पानसुद्धा हलत नव्हतं. कमलम्मानं त्याच्याकडे बघितलं, मग पातेल्यात बोट घातलं आणि स्वतः चाटलं. तिच्या कपाळावर बारीक आठी आली. तिनं पुन्हा चाटलं.

"व्हय," ती म्हणाली. "जास्तच शिजलाय." आणि चुलीपुढच्या पाटावर बसल्या बसल्या ती थोडी डावीकडे सरकली, एक माणूस मावेल एवढी.